चायना टूरमधली "२७ ठिकाणं", आईबाबांचे गुडघे आणि कोटणीसांची समाधी

ताई, आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही दोघं, १० वर्षांचा मुलगा आणि आईबाबा (६६ आणि ७१, बाबांचे गुडघे दुखतात) अशी पाच माणसं, ९ दिवस, बीजिंग, शिआन, झांगजियाजिए आणि शांघाय. दोन कोटेशनं आलीयत. एकात २७ ठिकाणं आहेत, दुसऱ्यात १४, आणि १४ वालं माणशी तीसेक हजारांनी महाग. तुम्ही विचारताय की कमी दाखवून जास्त पैसे का मागतायत, यात काही गोम आहे का. शिवाय बाबा मूळचे सोलापूरचे, त्यांना सोलापूरच्याच, चीनमध्ये रुग्णसेवा करताना वारलेल्या डॉ. कोटणीसांची समाधी बघायचीय आणि ती दोन्ही प्रोग्राममध्ये नाहीये.

मी टूर मॅनेजर आहे, चायनाला पहिला ग्रुप २०१२ ला नेला आणि मधली कोविडची आणि व्हिसा बंद असण्याची वर्षं सोडली तर फेऱ्या चालूच आहेत. तुमची कोटेशनं मी पाहिलेली नाहीत त्यामुळे अमुकच घ्या असं सांगणार नाही. बरंचसं तुमच्या तारखांवर आहे आणि बाबा सलग किती चालू शकतात त्यावर आहे, ते तुम्हालाच माहीत. पण कोटेशन कसं वाचायचं ते सांगू शकतो, कारण खरा घोळ तिथेच होतो.

पहिल्यांदा २७ चा आकडा कसा तयार होतो ते बघा. तिआनआनमेन चौक एक, फॉरबिडन सिटीचं दक्षिणेचं दार दोन, आतला मोठा हॉल तीन, मागची बाग चार. म्हणजे एकाच सकाळची, एकाच सरळ रेषेत चालत जायची चार ठिकाणं झाली. बर्ड्स नेस्ट स्टेडियम बसच्या खिडकीतून दाखवलं की पाचवं. झांगजियाजिएला तर विचारूच नका, लिफ्ट वेगळी धरतात, वर गेल्यावर दिसणारा "अवतार" सिनेमावाला खांब वेगळा धरतात आणि त्याच्या बाजूचा नैसर्गिक दगडी पूल वेगळा. १४ वाल्याने कदाचित हेच सगळं प्रामाणिकपणे मोजलं असेल. किंवा खरंच कमी दाखवत असेल. नुसत्या आकड्यावरनं हे कळत नाही, म्हणून आकडा सोडून द्या आणि प्रत्येक ठिकाणापुढे तीन गोष्टी लिहून मागा: आत जायचं की बाहेरून फोटो, तिथे प्रत्यक्ष किती तास, आणि केबल कार, लिफ्ट, आतली बस हे तिकिटात धरलंय का. ९ दिवसांत यायचा-जायचा दिवस आणि शहरं बदलण्यात गेलेले अर्धे अर्धे दिवस काढले की हातात साडेपाच-सहा दिवस राहतात. त्यात २७ बसवायचे तर ड्रायव्हरला विमान चालवावं लागेल.

आता फॉरबिडन सिटी. हा मिंग आणि चिंग घराण्याच्या २४ सम्राटांचा राजवाडा, १४०६ ते १४२० मध्ये बांधला, १९२५ पासून म्युझियम आहे. इथे तीन गोष्टींनी लोक अडकतात. एक, सोमवारी बंद असतो (सरकारी सुट्टी आली तर गोष्ट वेगळी). दोन, तिकिटं सात दिवस आधी ऑनलाइन सुटतात, तिकडच्या रात्री आठला म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला, आणि गर्दीच्या दिवसांत बघता बघता संपतात, गेटवर जाऊन मिळेल ही आशा नको. तीन, तिकीट पासपोर्ट नंबरवर निघतं. माझ्या एका ग्रुपमधल्या काकांनी बुकिंगनंतर पासपोर्ट रिन्यू केला, व्हिसाचं सगळं नवीन पासपोर्टवर झालं पण लोकल गाइडकडे जी यादी गेली त्यात जुनाच नंबर राहिला, आणि ती यादी मीच पाठवली होती. काका गेटच्या बाहेर आणि काकू आत. तासाभराने मार्ग निघाला पण तो तास मी विसरलेलो नाही. तेव्हा तुमच्या पाचही जणांचे नंबर एजंटकडे काय गेलेत ते एकदा स्वतः डोळ्यांनी बघा, तिआनआनमेन चौकात शिरायलासुद्धा आता आधी नाव नोंदवावं लागतं आणि बुलेट ट्रेनचं तिकीटही पासपोर्टवरच असतं.

आत चालणं किती ते ऐका. राजवाडा दक्षिण-उत्तर ९६१ मीटर आहे, ऐकायला एक किलोमीटरच, पण चौकातली सिक्युरिटीची रांग, तिथून गेटपर्यंत, मग आत आडवंतिडवं, आणि उत्तरेच्या दाराबाहेर पडल्यावर बसपर्यंत, असं करत चार-पाच किलोमीटर सहज होतात. एकेरी मार्ग आहे, दक्षिणेने आत आणि उत्तर किंवा पूर्वेने बाहेर, त्यामुळे "आम्ही दमलो, परत फिरतो" हे चालत नाही. मोठ्या अंगणांत सावली नाही, झाडं नाहीत, फरशी ओबडधोबड आणि दारांचे उंबरे आपल्या वाड्यांसारखे उंच. मी ज्येष्ठांना सगळ्यात मोठा हॉल दाखवून झाला की मधली रेष सोडून पूर्वेच्या बाजूला नेतो, तिकडे खजिन्याचं दालन आहे (वेगळं १० युआनचं तिकीट, आधीच काढून ठेवायचं), नऊ ड्रॅगनची रंगीत भिंत आहे, बसायला जागा मिळते आणि गर्दी निम्मी होते. ग्रुप टूरमध्ये गाइड झेंडा घेऊन सरळ रेषेत दीड तासात बाहेर काढतो, तेव्हा विचारा की किती तास देताय. तीनपेक्षा कमी म्हणाले तर मला विचाराल तर ते बघणं नाहीच.

समोरच्या जिंगशान टेकडीवरनं अख्खा राजवाडा एका नजरेत दिसतो. राजवाड्याचा खंदक खणताना निघालेल्या मातीचा हा ढीग आहे. बाबांना चढवू नका, तुम्ही आणि मुलगा जाऊन या.

भिंतीबद्दल. प्रोग्राममध्ये नुसतं "ग्रेट वॉल" लिहिलं असेल तर लगेच फोन करून विचारा, कुठली? २०१२ च्या सरकारी मोजणीत सगळ्या काळातल्या भिंती मिळून २१,१९६ किलोमीटर भरल्या, त्यातला कुठला तुकडा हे महत्त्वाचं आहे. स्वस्त टूर बरेचदा जुयोंगग्वानला नेतात, ते शहराला जवळ आहे आणि वाटेत दुकानं करता येतात, पण तिथे पायथ्यापासून पायऱ्याच पायऱ्या, गुडघेवाल्यांनी खाली बसून फोटो काढायचा. बादालिंग प्रसिद्ध आहे, केबल कार आहे, बुलेट ट्रेनही जाते, पण गर्दी म्हणजे गणपतीत लालबाग. आईबाबा बरोबर असताना मी डोळे मिटून मुतिआन्यू सांगतो. बीजिंगपासून साधारण ७० किलोमीटर, झाडी भरपूर, भिंत छान दुरुस्त केलेली, आणि केबल कार थेट १४ नंबरच्या बुरुजापाशी सोडते. उतरलं की तुम्ही भिंतीवरच. बाबांनी तिथल्या तिथे शंभर पावलं केली तरी पैसे वसूल, वर बसून तासभर डोंगर बघत राहायचे.

एक गंमत मात्र लक्षात ठेवा. मुलाला घसरगाडीवरनं खाली यायचं असणार (पत्र्याच्या नळीतून ब्रेक लावत यायचं, मोठी माणसं जास्त ओरडतात), ती ६ नंबरच्या बुरुजापासून सुटते, खुर्चीवाला रोपवे पण तिथलाच. १४ ची केबल कार आणि ६ चा रोपवे-घसरगाडी ही दोन वेगळी तिकिटं आहेत, एकाचं दुसऱ्याला चालत नाही. म्हणजे आईबाबांना १४ ला जाऊन-येऊन, आणि तुमच्यापैकी एकाने मुलाला घेऊन ६ ला, किंवा १४ वर चढून तासभर भिंतीवरनं ६ कडे चालत येऊन घसरगाडी, असं घरातच ठरवून मग तिकिटं सांगा. घसरगाडीला वयाचे आणि उंचीचे नियम आहेत, ते गेटवर बघून घ्या. आणि हो, भिंत चंद्रावरून दिसते हे मुलाला सांगू नका. २००३ ला चीनचाच पहिला अंतराळवीर यांग लिवेई वर जाऊन आला आणि मला नाही दिसली बाबा असं सांगून मोकळा झाला.

शिआनचे मातीचे सैनिक (टेराकोटा आर्मी, चीनच्या पहिल्या सम्राटाच्या कबरीसाठी पुरलेली). १९७४ च्या मार्चमध्ये शेतकरी विहीर खणत होते आणि तुकडे सापडले, ही गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. लोक काय करतात, धावत पहिल्या नंबरच्या खड्ड्यात जातात, तो २३० मीटर लांब आहे, रांगाच्या रांगा सैनिक, डोळे दिपतात, आणि मग दोन आणि तीन नंबरला गेलं की "हॅ, एवढंच?" म्हणून नाराज होतात. मी उलटा नेतो, तीन, दोन आणि शेवटी एक. दोन नंबरमध्ये बरंचसं अजून मातीखालीच आहे, ते आधी बघितलं की एक नंबरला काय मेहनत गेलीय ते कळतं. हे सैनिक मुळात रंगवलेले होते, माती काढली की कोरड्या हवेत काही मिनिटांत रंगाखालचा थर वळून गळायला लागतो, म्हणूनच घाईने खणत नाहीत आणि सम्राटाची मुख्य कबर तर अजून उघडलेलीच नाही. मुलाला हे सांगा, माझ्या ग्रुपमधल्या पोरांना हे ऐकलं की एकदम इंटरेस्ट येतो. ब्राँझचे दोन रथ आता वेगळ्या इमारतीत, सम्राटाच्या टेकडीच्या बाजूला हलवलेत, तिकीट तेच पण शटल बसने जावं लागतं. घाईतले ग्रुप ते गाळतात आणि प्रोग्रामात मात्र लिहितात. विचारून घ्या.

शिआनची तटबंदी पावणेचौदा किलोमीटरचा पूर्ण वेढा आहे, वर इतकी रुंद की सायकली भाड्याने मिळतात. संध्याकाळी जा.

आणि मोठा हंस पॅगोडा आपल्या लोकांसाठी खास. शाळेच्या इतिहासात आपण वाचलेला ह्युएनत्संग, जो पुलकेशीच्या काळात आपल्याकडे येऊन गेला आणि महाराष्ट्रातली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत अशा अर्थाचं लिहून ठेवलं, त्याने भारतातून नेलेल्या पोथ्या ठेवायला ६५२ साली हा पॅगोडा बांधला. पटांगणात त्याचा मोठा पुतळा आहे. ब्रोशरमध्ये "पॅगोडा फोटो स्टॉप, २० मिनिटं" असतं. माझ्या एका ग्रुपमधल्या निवृत्त शिक्षिका त्या पुतळ्यासमोर अर्धा तास उभ्या होत्या, बस थांबवली मी, बाकीचे कुरकुरले तरी.

आता झांगजियाजिए, इथे सगळ्यात जास्त फसगत होते कारण त्या एका नावाखाली तीन वेगळ्या जागा येतात, तीन वेगळी तिकिटं, आणि एकमेकांपासून लांब. पहिली, दगडी खांबांचं जंगल, वुलिंगयुआन, १९९२ पासून युनेस्कोच्या यादीत, तीन हजारांवर खांब, "अवतार" आल्यावर एकाचं नावच बदललं २०१० मध्ये. दुसरी, तिआनमेन डोंगर (हा बीजिंगच्या चौकाशी घोळू नका, माझे प्रवासी दर वेळी घोळतात), डोंगराला आरपार भोक, शहरातनंच निघणारी जवळजवळ साडेसात किलोमीटरची केबल कार आणि ९९ वळणांचा घाट. तिसरी, ग्रँड कॅन्यन आणि काचेचा पूल, ४३० मीटर लांब, साधारण ३०० मीटर खोल दरीवर, २०१६ ला उघडला आणि गर्दी झेपेना म्हणून १३ दिवसांत काही काळ बंद करावा लागला. स्वस्त प्रोग्राममध्ये काचेचा पूल आणि तिआनमेन करतात आणि खांबांच्या जंगलाला अर्धा दिवस देतात, म्हणजे ज्यासाठी गेलो तेच राहिलं. त्या जंगलाचं तिकीट चार दिवस चालतं, आतल्या बस त्यातच. त्यांनीच चार दिवस दिलेत त्यावरनं पसारा ओळखा. लिफ्ट (३२६ मीटरची बायलाँग लिफ्ट) आणि रोपवे वेगळे.

इथलं खरं दुखणं म्हणजे धुकं. पाऊस आणि धुकं कधीही येतं, एप्रिल ते जुलै तर फारच, आणि वर गेल्यावर समोर पांढरी चादर. एकदा ४२ माणसं घेऊन वर गेलो आणि अक्षरशः कठडा सोडून काही दिसलं नाही, एक काका म्हणाले याहून माळशेज बरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला आणि ढग खांबांच्या कमरेपर्यंत उतरले, तेच काका गप्प. दुसरा दिवस हाताशी होता म्हणून निभावलं. तेव्हा तुमच्या कोटेशनमध्ये तिथे दोनच रात्री असतील तर काचेचा पूल सोडा (तो ओलांडून झाल्यावर दरीत उतरायच्या पायऱ्या बाबांना झेपणारही नाहीत) आणि जंगलाला दोन वेगवेगळ्या दिवशी जा. बाबांना वरचं चालणं जड झालं तर खाली गोल्डन व्हिप ओढ्याच्या काठाने सपाट रस्ता आहे, साडेसात किलोमीटर पूर्ण पण हवं तेवढं चालून परत फिरता येतं, खांब खालनं बघायचे. माकडं आहेत, हातातली पिशवी सांभाळा, आपल्याकडच्या गडांवरच्या माकडांचीच भावंडं. तिआनमेनला ९९९ पायऱ्या आहेत पण बाजूने सरकते जिने झालेत, वेगळे पैसे पडतात, तेही विचारून घ्या. जोराचा वारा सुटला की केबल कार बंद ठेवतात, त्याला कुणीच काही करू शकत नाही.

शांघाय एक दिवस पुरे. बंड (नदीकाठचा जुन्या इमारतींचा रस्ता) रात्री बघा, दिवे लागल्यावर, झालं.

स्वस्त का आहे याचं एक उत्तर दुकानांमध्ये असतं. जेड, रेशीम, मोती, चहा, आणि पाय दाबून देणारे "डॉक्टर". प्रत्येक ठिकाणी तास-सव्वा तास. २०१३ च्या पर्यटन कायद्याने सक्तीची खरेदी तिकडे बंद केलीय, पण प्रोग्राममध्ये "जेड म्युझियम", "चहा संस्कृती दर्शन" अशी नावं घेऊन ती परत येतात, आणि तुमच्या २७ मध्ये त्यातली तीन-चार असली तर मला नवल वाटणार नाही. एखादं रेशमाचं बघायला मजा येते, चार नकोत.

तारखांचं. मुलाची शाळा म्हणून मे बघत असाल तर १ ते ५ मे टाळा, तिकडे सुट्टी असते. १ ते ७ ऑक्टोबर तर अजिबात नको, अख्खा देश बाहेर पडतो. जुलै-ऑगस्टला त्यांच्या शाळांना सुट्टी आणि उकाडा. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला पडत असेल तर त्यासारखं काही नाही, हवा कोरडी, धुकं कमी, आईबाबांना थंडीही सोसेल एवढीच, स्वेटर पुरतो.

किरकोळ पण उपयोगाचं: तिकडे आत विमानाने फिरताना पॉवर बँकेवर त्यांचं थ्रीसी (सीसीसी, सुरक्षा प्रमाणपत्राचं) चिन्ह नसेल तर २०२५ च्या जूनअखेरपासून काढून घेतात, आपल्याकडच्या बऱ्याच पॉवर बँकवर ते नसतं. ट्रेनच्या सिक्युरिटीत फळं कापायची सुरी आणि मोठे स्प्रे काढून घेतात. मोबाईलवर अलीपे (तिकडचं पैसे द्यायचं अ‍ॅप) इथेच कार्ड जोडून न्या.

आता बाबांची समाधीची इच्छा, आणि हे मला सगळ्यात सोपं वाटतंय. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ ला काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले, ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले, ३२ वर्षांचे होते. समाधी शिजियाझुआंग शहरात हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे, तिथेच कॅनडाचे डॉ. बेथ्यून यांचीही. बहुतेक लोक बीजिंगहून जाऊन-येऊन करायचा विचार करतात आणि एक दिवस जातो म्हणून सोडून देतात. पण बीजिंगहून शिआनला जाणारी बुलेट ट्रेन शिजियाझुआंगवरूनच जाते. सकाळची गाडी धरायची, सव्वा-दीड तासात उतरायचं, सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाकायचं, टॅक्सीने जाऊन यायचं आणि दुपारची पुढची गाडी पकडायची, रात्रीच्या जेवणाला शिआनमध्ये ग्रुपला गाठाल. दोन्ही कोटेशनवाल्यांना विचारा की बीजिंग–शिआन विमान आहे का ट्रेन, आणि ट्रेन असेल तर तुमच्या पाच जणांची तिकिटं तोडून काढून देणार का. ही तिकिटं १५ दिवस आधी सुटतात, त्यामुळे आत्ता सांगितलंत तर जमण्यासारखं आहे. सोमवार मात्र टाळा, तिकडची बरीच संग्रहालयं बंद असतात आणि तिथलं स्मारकाचं दालनही बंद असायचं. टॅक्सीवाल्याला "कोटणीस" म्हणून काही कळणार नाही, तिकडे त्यांचं नाव क दीहुआ आहे. बीजिंगच्या गाइडकडून ते नाव आणि स्मशानभूमीचा पत्ता चिनी अक्षरांत कागदावर लिहून घ्या आणि तो कागद बाबांच्याच खिशात ठेवा.